दिवाणखान्यातला मीडिया पीसी: एन१०० पुरे, की सरळ रायझन घ्यावा?

कमीवॅट (धागाकर्ता)

टीव्हीखाली ठेवायचा पीसी जोडताना लोक गेमिंगची यादी समोर ठेवतात आणि तिथेच बजेट फुगतं. माझं म्हणणं सरळ आहे: साठवलेल्या फिल्म्स, यूट्यूब आणि गाणी एवढंच काम असेल तर इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरच्या वर जायचं कारण नाही. टीडीपी, म्हणजे चिपची उष्णतेची मर्यादा, फक्त ६ वॅट, आणि एच.२६४, दहा-बिट एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओ दाबण्याचे चारही प्रकार हार्डवेअरवर, म्हणजे चिपमधल्या खास भागात, उलगडतात. ४के फिल्म चालू असताना चारही कोअर जवळपास रिकामे बसलेले असतात. ग्राफिक्स कार्डाचा तर प्रश्नच नाही.

यादी छोटी आहे. पंखा नसलेला छोटा मिनी-आयटीएक्स बोर्ड, उदाहरणार्थ ॲसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स. त्याला लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, म्हणजे एसएमपीएसही (पीसीचा पॉवर सप्लाय) नको आणि त्याचा पंखाही नको. ८ जीबीची एकच रॅम पट्टी, कारण या चिपला मेमरी चॅनलच एक आहे. २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. फिल्म्सचा साठा या पेटीत ठेवू नका, ३.५ इंची डिस्कची घरघर शांत प्रसंगात हमखास ऐकू येते. ती राउटरजवळच्या नॅसमध्ये (नेटवर्कवरची साठवणपेटी) बरी.

आणि जोडणी केबलनेच. ४के ब्लू-रेचा बिटरेट १२८ एमबीपीएसपर्यंत चढतो, तर बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. "टीव्हीतच ॲप आहे की, मग पीसी कशाला?" असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरतं.

मिनीटॉवर

असहमत. एन१०० आजच्या कामाला पुरतो, पण तीन वर्षांनी मुलांनी एखादा साधा गेम मागितला, की हात बांधले जातात. प्रोसेसर बोर्डावरच झाळलेला, बदलणार काय?

एएमडीचा रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोअर, चिपमध्येच व्हेगा ग्राफिक्स. रॅम मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्या. एकच टाकलीत तर ग्राफिक्सला निम्माच रस्ता मिळतो आणि मग लोक चिपला नावं ठेवतात. उंचीने छोट्या केसमध्ये ३७ मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल९ए कूलर बसतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ३५ किंवा ४५ वॅटची मर्यादा घातली की पंखा सोफ्यापर्यंत ऐकू येत नाही.

कमीवॅट

५६००जीला एव्ही१ उलगडणारा हार्डवेअर डीकोडर नाही, हे सांगायचं राहिलं का मुद्दाम? यूट्यूब ४केला अनेकदा एव्ही१च पाठवतं.

मिनीटॉवर

मुद्दाम नाही, कारण त्याने अडत नाही. फायरफॉक्सच्या about:configमध्ये, म्हणजे अबाउट-कॉन्फिगच्या पानावर, मीडिया-एव्ही१ची नोंद बंद केली की यूट्यूब गुपचूप व्हीपी९ देतं, आणि तो हार्डवेअरवर चालतो. फाईलच एव्ही१मध्ये असेल तर सहा कोअर ती सॉफ्टवेअरवर ओढतात. पंखा जरा वाढेल, एवढंच. तेही नको असेल तर एव्ही१ डीकोडर असलेला ८६००जी आहे, पण मग एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम आली, बजेट दुसऱ्याच गावाला गेलं.

जुनंतेसोनं

तुम्ही दोघंही नवीन मालावर पैसे का घालताय? कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे छोटे पीसी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, आठव्या पिढीच्या आय५सह सगळीकडे मिळतात. ३५ वॅटचे टी-मालिकेतले प्रोसेसर, दहा-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरवर. इंटेलकडे हे सातव्या पिढीपासून नीट आहे. सहावी पिढी घेऊ नका, तिथे दहा-बिटचं काम अर्धंमुर्धं आहे.

कमीवॅट

या पेट्यांना मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतात, आणि लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्त कन्व्हर्टर आणून फसतात. साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर जास्तीत जास्त ३०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे ४के फक्त ३० हर्ट्झवर. २४ फ्रेमची फिल्म चालते, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग मेनू अडखळतो आणि ५० फ्रेमची क्रिकेट मॅच तुटक दिसते. कन्व्हर्टर ॲक्टिव्ह हवा, एचडीएमआय २.०चा. शिवाय मिनीटॉवर यांच्या ५६००जीसारखंच आठव्या पिढीतही एव्ही१ नाही.

हर्ट्झमोजणारा

एचडीएमआय २.१च हवं असा हट्ट धरणाऱ्यांसाठी थोडं गणित. २.०ची मर्यादा ६०० मेगाहर्ट्झ. ४के ६० हर्ट्झ, आठ-बिट, पूर्ण रंग धरला तर ५९४ लागतात, म्हणजे काठोकाठ. दहा-बिट केलंत की ७४२, तिथे ते बसत नाही आणि रंगाची माहिती कापावी लागते. पण फिल्म २४ हर्ट्झवर पाठवली तर दहा-बिटलाही फक्त ३७१ लागतात. म्हणून कोडी या फिल्म प्लेअरमध्ये सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओ इथे जाऊन "डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवा" हे "सुरू होताना आणि थांबताना"वर ठेवा. हे न केल्यास कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देतं, आणि माणूस दोष प्रोसेसरला देतो. आपल्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग २५ फ्रेमचं असतं, त्याला ५० हर्ट्झ. टीव्हीने ते स्वीकारलं पाहिजे, खरेदीआधी तपासा.

डीकोडिंग खरंच हार्डवेअरवर चाललंय का, हे बघायला फिल्म चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा. डीकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू दिसलं पाहिजे.

रोकडासवाल

एवढं सगळं करून नेटफ्लिक्स ४केत दिसणार का? लिनक्सवर नाही, तिथे डीआरएमची (कॉपी रोखणारं कुलूप) हार्डवेअर पातळीच मिळत नाही. विंडोजवर एज किंवा त्यांचं ॲप, एचडीसीपी २.२ या केबलवरच्या कॉपी-संरक्षणाची अख्खी साखळी, एचईव्हीसी एक्स्टेंशन, तेव्हा कुठे. डॉल्बी व्हिजनचं पीसीवर तर दुखणंच आहे. ओटीटी हेच मुख्य असेल तर प्रमाणित स्टिक आणा आणि हा धागा बंद करा.

मिनीटॉवर

ओटीटीपुरतं मान्य. पण स्टिकमध्ये स्वतःची चार टीबी लायब्ररी, गिगाबिट लॅन आणि जाहिराती नसलेला पडदा कुठून आणणार?

कमीवॅट यांच्या बिनपंख्याच्या हट्टाबद्दल मात्र एक राहिलंच. नागपूर, अकोल्याचा मे महिना, टीव्ही युनिटचा बंद कप्पा, वर सेट-टॉप बॉक्स. पंखा नसेल तर उष्णता जायला हवा हलावी लागते. कप्प्याची मागची फळी कापा, वर किमान चार-पाच इंच मोकळं सोडा, नाहीतर चिप स्वतःच वेग कमी करते.

कमीवॅट

फळीबद्दल सहमत. मग निदान विजेचं बोला. रिकामा असताना तुमचा पीसी माझ्यापेक्षा २० वॅट जास्त खात असेल तर वर्षभर चोवीस तास म्हणजे १७५ युनिट.

मिनीटॉवर

चोवीस तास चालू ठेवायला सांगितलंय कुणी? स्लीपमध्ये टाका.

रिमोटकुठाय

स्लीपमध्ये टाकाल, पण उठवणार कसं? साध्या पीसीच्या एचडीएमआयवर सीईसी, म्हणजे केबलमधून रिमोटचे आदेश पाठवणारी सोय, नसते; टीव्हीचा रिमोट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फ्लर्कचा यूएसबी रिसीव्हर लावा आणि बायोसमध्ये ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय बंद करा, नाहीतर झोपल्यावर यूएसबीची वीजच तुटते. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू व्हायचं असेल तर "एसी पॉवर लॉस"चा पर्याय "पॉवर ऑन"वर. वायरलेस कीबोर्डचा डोंगल यूएसबी ३च्या शेजारी खुपसू नका, २.४ गिगाहर्ट्झवर त्याचा गोंगाट होतो आणि अक्षरं गळतात. एक मीटरची एक्स्टेंशन वायर घेऊन तो पुढे, टीव्हीच्या काठाशी आणा. रायझन असो की एन१००, एवढं करावंच लागतं.