परके शिंपले: बंदरांची कायमची पाहणी हवी की नको?

खाडीकाठ: मायटिलॉप्सिस सॅली हा छोटा शिंपला मूळचा कॅरिबियन बाजूचा. १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईतही. जहाजाच्या तळाला चिकटून किंवा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून असे जीव येतात. साधारण २००० मध्ये या पाण्यातून जीव पसरू नयेत म्हणून जागतिक प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या सहा बंदरांत मुंबई होती, आणि इथल्या जिवांची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. माझं ठाम मत आहे की ही पाहणी दर वर्षी, पावसाळ्याआधी आणि नंतर व्हायलाच हवी.

डोलकर: असहमत. खाडीत सांडपाणी येतंय, जाळ्यात प्लास्टिक येतंय, बंदी असून एलईडी दिवे लावून मासेमारी चालू आहे. पैसा आधी तिकडे लावा. समुद्रात शिरलेला जीव परत कोणी काढलाय?

खाडीकाठ: काढलाय. ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या बंदरात, १९९९ मध्ये, हाच शिंपला. काही महिन्यांआधीच्या पाहणीत एकही नव्हता. सापडला तेव्हा दाट जागी चौरस मीटरला वीस हजारांवर होते! मरिनांचे, म्हणजे बोटी लावायच्या छोट्या गोद्यांचे, दरवाजे बंद करून क्लोरीन आणि कॉपर सल्फेट ओतलं, बाहेर गेलेल्या बोटी शोधून तपासल्या. काही आठवड्यांत तो संपला. पाहणी चालू होती म्हणून वेळेत कळलं.

गोदीकामगार: अर्धीच गोष्ट सांगताय. त्या मरिनांना दरवाजे होते, आणि आतले बाकीचे जीवही मेले. मुंबईत इंदिरा गोदीला दरवाजा आहे, पण बाकीचं बंदर उघडं. तिथे कॉपर सल्फेट ओतणार? त्यापेक्षा येणंच अडवा. जहाजांच्या पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. तळ खरवडणं, पाणी शुद्ध करणं यावर जोर द्या.

खाडीकाठ: अडवायलाच हवं. पण अडवणं जमतंय का, हे पाहणीशिवाय कळणार कसं? केरळात अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. आता तिथे मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा मायटेला स्ट्रिगाटा हा परका शिंपला पसरलाय. त्याचा फटका तिसऱ्या काढणाऱ्यांच्या पोटाला बसतो.

डोलकर: तिसऱ्यांचं पटलं, आमच्या बायकाही खाडीत त्याच काढतात. मग पाहणीचं काम मजुरी देऊन त्यांनाच द्या. अनोळखी शिंपला त्यांच्या हाताला आधी लागेल. आणि सापडल्यावर बंदर बंद करायचा हुकूम कोण देणार, हे आधी लिहून ठेवा. ते ठरेपर्यंत माझा विरोध कायम.