शाईतलं तूप
छापखान्याने आपल्याकडे मुख्यतः वर्तमानपत्रं आणि सुधारकांचे विचार पसरवले, असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच पटतं. सोवळ्यातल्या घरांनीही छपाई तितकीच आपलीशी केली, फक्त आधी नाकं मुरडून! शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला हात लावायची तयारी नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं आणि पंचांगं छापली, असं सांगतात. धंद्याची नस बरोबर ओळखली होती गृहस्थांनी.

जुन्या छापील पोथ्या पाहा, रूप हस्तलिखिताचंच: आडवी, सुटी पानं, शिवण नाही, वर-खाली लाकडी फळी, लाल रुमालात बांधलेल्या. शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) पोथीत तर अक्षरही लेखनिकाच्या हातचंच. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना (१८६९) देखण्या खिळ्यांसाठी (छपाईच्या धातूच्या अक्षरांसाठी) नावाजला, पण संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठीही.