परदेशी मित्रकीटक: बंदी घाला म्हणणाऱ्यांसाठी

रानवाटसरू: कालची पोस्ट वाचली, "परदेशी मित्रकीटक (पिकावरची कीड किंवा तण संपवायला बाहेरून आणलेले कीटक) म्हणजे जैविक बॉम्ब, सरसकट बंदी घाला", आणि खाली नुसत्या टाळ्या. अरे पण 2008 ला कोइम्बतूरकडे पपईवर जो मिलीबग (रस शोषणारा पिठ्या ढेकूण) निघाला तो मेक्सिकोकडचा, इकडे एकटाच आला, त्याला खाणारे तिकडेच राहिले. मामाच्या बागेत फळं कापूस गुंडाळल्यासारखी पांढरी, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी, व्यापारी बांधावरूनच परत. फवारून फवारून मामा दमला, अंगावरच्या मेणामुळे औषध लागतच नाही. मग 2010 ला पोर्टो रिकोहून असेरोफॅगस आणली, मिलीबगच्या अंगात अंडी घालून त्याला आतून खाणारी माशी, बंगळुरूला क्वारंटाइनमध्ये तपासली आणि सोडली. मिलिमीटरभरसुद्धा नसते ती. नंतर पानामागे बघा, मिलीबग फुगून कडक झालेला आणि त्याला गोल भोक, आतली माशी उडालेली. बॉम्ब म्हणे!

मातीतला माणूस: एका पपईवर किती नाचणार? 1906 ला अमेरिकेने झाडांची पानं फस्त करणाऱ्या जिप्सी मॉथ पतंगासाठी युरोपातून कॉम्प्सिल्युरा माशी आणली, ती दीडशेच्या वर जातींच्या अळ्यांत आपली पिल्लं सोडत सुटली, तिकडच्या मोठ्या रेशीम पतंगांची वाट लागली आणि जिप्सी मॉथ आहे तिथेच. 2002 ला सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकांनीच आवरला ना? दोन्ही इथले. लोकांनी या मित्रांच्या अळ्यांसकट पानं तोडून शेजारच्या फडात नेऊन टाकली. विमान लागलं नाही.

सुनंदाताई: मेक्सिकन भुंग्यांचं कोणीच का काढत नाही? 1984 ला बंगळुरूकडे गाजर गवतासाठी सोडले, आमच्या सूर्यफुलावर मी डोळ्यांनी बघितलेत.

रानवाटसरू: ताई, ते गवत खाणारे, शिकारी नव्हेत. विषय वेगळा. आणि ती बोंब तेव्हाच तपासून झाली, गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले म्हणून तोंड लावत होते.

सुनंदाताई: भोकं माझ्या पानांना पडली, परागकण मला नका शिकवू. त्या गवताने सासूबाईंची मान खाजून खाजून सोलवटायची. भुंगे पावसाळाभर खातात नि मग मातीत जाऊन झोपतात, गवत पुन्हा कमरेएवढं. हे तुमचं यश!

बागाईतदार: भुंगे-बिंगे सोडा, दुकानदारांवर कोणी बोला. द्राक्षात क्रिप्टोलिमस, म्हणजे मिलीबग खाणारे भुंगेरे, सोडले, ऑस्ट्रेलियाचे, 1898 पासून देशात आहेत. त्यांची अळी मिलीबगसारखीच पांढरी, झिपरी. दुकानदाराने फोटो बघून "कीड वाढली" म्हणत जालीम औषध गळ्यात मारलं. मित्र मेले, मिलीबग मजेत.

मातीतला माणूस: म्हणजे ज्यांना अळी ओळखता येत नाही ते परदेशी कीटक सांभाळणार. छान!

रानवाटसरू: देशी डिफा काय औषधाने मरत नाही? आणि 1906 ला ती माशी दुसरं काय काय खाईल ते बघितलं होतं का कोणी? ते बघायलाच क्वारंटाइन असतं, साहेब.

मातीतला माणूस: बरं बाबा, तुझी पपईची माशी पास, पेढे वाट. पुढची येईल तिची आधी इथल्या रेशीमकिड्यांवर चाचणी दाखव, मग बोलू.

सुनंदाताई: पेढे नंतर. माझ्या बांधावरचं गवत कोण उपटणार ते सांगा.