जग्वार नेमके कोणाचे विमान?

प्रश्न: आपल्या हवाई दलातील जग्वारला कोणी ब्रिटिश म्हणतो, तर कोणी फ्रेंच, यात बरोबर कोण?

उत्तर १: दोघेही. ब्रिटनची बीएसी (ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन) आणि फ्रान्सची ब्रेगे या विमान कंपन्यांनी जग्वारसाठी १९६६ मध्ये सेपेकॅट ही संयुक्त कंपनी स्थापन केली आणि जग्वारचे अडूर इंजिनही ब्रिटनची रोल्स-रॉईस व फ्रान्सची टर्बोमेका यांनी भागीदारीतच घडवले. गंमत म्हणजे मूळ कल्पना प्रशिक्षण विमानाची होती.

उत्तर २: भारतात ते १९७९ मध्ये आले, त्याचे नाव ‘शमशेर’ झाले आणि पुढे एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) परवान्याखाली बांधले. पंखाखाली बॉम्ब आणि पंखाच्या वर क्षेपणास्त्र, ही मांडणी प्रथम पाहताना काहीतरी उलटे बसवल्यासारखे वाटते.

उत्तर ३: फ्रान्सने २००५ मध्ये आणि ब्रिटनने २००७ मध्ये ते निवृत्त केले, त्यामुळे सुट्या भागांसाठी आपल्याला इतरांच्या जुन्या विमानांकडे पाहावे लागते.