दहा फूट हसत हसत द्या म्हणे!

रामबागकर: काल इथं एका सज्जनांनी लिहिलं की इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास रस्ते रुंद होत असतील तर घरमालकांनी दहा-दहा फूट हसत हसत द्यावेत, शहर सगळ्यांचं आहे. हे राहतात बायपासच्या रो-हाउसमध्ये! आमचा ओटला, दर्शनी भिंत आणि जिना त्या दहा फुटांतच येतो. लाल निशाण चौथ्या पायरीवर मारून गेले. वर चढायचं कसं, ते नाही सांगितलं. मोबदला काय, तर टीडीआरचा, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या विकता येण्याजोग्या बांधकाम-हक्काचा कागद. तो दाखवून किराणा मिळतो का? १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, ठाऊक आहे. पण कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे सांगणारं कलम ३००-अ जिवंत आहे. कोलकाता महापालिकेच्या खटल्यात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोटीस, सुनावणी, वाजवी मोबदला, सगळं बजावलंय.

बायपासवाला: मीच तो सज्जन. ओटला रजिस्ट्रीत आहे का हो? मल्हारगंजात निम्मे ओटले नालीवर चढलेत. आग लागली की बंब आत शिरत नाही, तेव्हा कलम ३००-अ घेऊन उभे राहा.

लोकमान्यनगरची सून: हक्काचा विषयच काढलाय म्हणून विचारते. आमच्या सासऱ्यांच्या वाड्यात १९६१ च्या भाडेकायद्याच्या आडोशानं तीन बिऱ्हाडं ठाण मांडून आहेत. भाडं ऐंशी रुपये. मालकी कागदावर, किल्ल्या त्यांच्याकडे. हा हक्क कोण वाचवणार?

पोटमाळा: ऐंशी रुपये दिसले, पगडी नाही दिसली? मागच्या पावसाळ्यात कौलं आम्ही बदलली, मालकीणबाई फोनही उचलत नव्हत्या.

लोकमान्यनगरची सून: कौलं बदलली की घर तुमचं? मग आमच्या गाडीचं टायर बदलणारा गाडीच घेऊन जाईल!

पोटमाळा: तोंड सांभाळून. रस्त्यात घर गेलं तर टीडीआर तुमच्या नावावर, आम्ही फुटपाथवर.

रामबागकर: अहो, भांडण रस्त्याचं आहे! होळकर दरबारानं बोलावलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१८ च्या अहवालात सरसकट पाडापाडीच्या विरुद्ध होते. आपण काय केलं? २०१३ मध्ये बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव रस्ता चालू, २०२५ मध्ये उच्च न्यायालयात तोच काढायची परवानगी. उद्या हाही रस्ता चुकला म्हणाले, तर माझा जिना परत बांधून देणार का?

बायपासवाला: बीआरटीएसबद्दल हात जोडतो, तिथे बोलायला जागा नाही. आणि बरं, टीडीआर नको, रोख द्या, तेही पाडण्याआधी. झालं समाधान? नालीवरच्या ओटल्याचा मात्र छदाम मिळू नये.

लोकमान्यनगरची सून: रोख घेणार कोण? आजेसासऱ्यांच्या नावावरून नामांतरणच झालेलं नाही. पाच वारस, एक पुण्यात, एक बडोद्याला, आणि इंदूरचे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पोटमाळा: बघा! आम्ही भाडं तरी नेमकं कुणाला द्यायचं?