महिना ३०००, पुढच्या जूनला फी: आरडी, व्हीपीएफ की भिशी?

वीस_तारीख: पुढच्या जूनमध्ये मुलीची ३६,००० फी भरायची आहे. महिन्याला ३००० च जमतील. पगाराच्या खात्यात ठेवले की वीस तारखेपर्यंत उडतात. कुठे टाकू? शेअर बाजार नको.

मिरजकर_काका: ३००० ने काय होतंय? १०,००० ची एसआयपी लावा. आमच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट त्यातूनच निघालं.

वीस_तारीख: काका, ३०००च. आणि जून.

हिशेबनीस: व्हीपीएफ, म्हणजे पगारातून आपणहून जादा कापून घ्यायचा पीएफ. पैसा हातात येतच नाही, त्यामुळे गेल्याचं दुखत नाही. थेलर (२०१७ चं नोबेल) आणि बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्यात हेच केलं. 'लगेच बचत वाढवा' म्हटल्यावर जे नको म्हणाले, त्यांना विचारलं, पुढच्या पगारवाढीपासून कापू का? ७८ टक्के तयार! ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली.

नाइट_शिफ्ट: पगारवाढ म्हणजे काय असतं हो? आमच्याकडे नुसतं अप्रेझल होतं.

रूपा_सांगली: काहीही करा, भिशी नको. आमची भिशीवाली पैसे घेऊन गाव सोडून गेली. सोनं घ्या.

मिरजकर_काका: सोन्यापेक्षा एसआयपी.

बँकेतून_निवृत्त: ताई, व्हीपीएफ हा म्हातारपणाचा पैसा, फीसाठी त्यावर विसंबू नका. आरडी काढा आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता आपोआप वळता होईल असं बँकेला सांगून ठेवा. मध्येच मोडली तर व्याज थोडं कमी मिळेल, मुद्दल शाबूत.

वीस_तारीख: मोडता येते हीच तर अडचण आहे. गणपतीतच मोडेन.

नाइट_शिफ्ट: अमेरिकेचे प्रयोग इथे चालत नाहीत.

हिशेबनीस: मग फिलिपिन्सचा घ्या. तिथल्या एका बँकेने ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत असं खातं दिलं. जादा व्याज नाही, तरी २८ टक्के लोकांनी घेतलं. आपला हात आपणच बांधून घ्यायचा.

रूपा_सांगली: हेच मी म्हणतेय. सोनं मोडवत नाही.

वीस_तारीख: सगळ्यांचे आभार. ऑफिसातल्या बारा जणींची भिशी धरली. नंबर बोलीने नाही, चिठ्ठीने ठरतो. पण जूनचा शेवटचा नंबर मी मागून घेतला. हप्ता चुकला तर बँक मेसेज पाठवेल, या बाया टेबलापाशी येऊन उभ्या राहतील.

बँकेतून_निवृत्त: शेवटचा नंबर? व्याज शून्य आणि जोखीम सगळ्यात जास्त!

रूपा_सांगली: निदान सगळ्यांच्या सह्या तरी घ्या.