एक्स्टर्नल हार्ड डिस्क डेस्कटॉपला जोडताना आलेले अनुभव

जोडलेली हार्ड डिस्क डेस्कटॉपवर दिसली नाही, की वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब गेले या धास्तीने माणूस भलतेच बटण दाबून बसतो. अशा वेळी आपण नेमके काय तपासले, ते नागपूरकरांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

महाल : आमच्या जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला खिशात मावणारी डिस्क जोडली, की तिचा दिवा लुकलुकायचा, आतून बारीक टकटक ऐकू यायची आणि स्क्रीनवर मात्र काहीच उमटत नसे. एका दुकानात ‘डिस्क गेली’ असे सांगून मोकळे झाले होते. भाच्याने कॅबिनेट फिरवून तीच डिस्क आखूड केबलने मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडली आणि ती लगेच सुरू झाली. अशी डिस्क वीजही यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळणे अपेक्षित असते, ३.० मधून ९००, आणि आतली तबकडी फिरू लागते त्या क्षणी सर्वाधिक वीज लागते. पुढच्या पोर्टपर्यंत ती कॅबिनेटमधल्या आणखी एका वायरीतून येते, हेही ध्यानात घ्यावे. पोर्ट आणि केबल बदलून पाहिल्याखेरीज कोणीही डिस्क टाकून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

धरमपेठ : लग्नाचे चित्रीकरण हा आमचा व्यवसाय. ग्राहकाच्या डिस्कवर भरपूर जागा असूनही व्हिडिओ उतरत नसेल, तर ती बहुधा फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असते. तीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. कोऱ्या डिस्कसाठी आम्ही एक्सफॅट ही नवी पद्धत वापरतो, कारण ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते.

मानेवाडा : माझी डिस्क विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीमध्ये दिसत होती, फक्त तिला ड्राइव्ह लेटर (D:, E: असे ओळखीचे अक्षर) मिळालेले नव्हते, ते देताच सगळे फोल्डर उघडले. डिस्कवर आधीचा डेटा असेल, तर ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने तयार करणे) किंवा ‘फॉरमॅट’ विचारणाऱ्या चौकटीला कृपया होकार देऊ नका.

खामला : मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा डिस्क तापलेल्या कॅबिनेटवर न ठेवता मोकळ्या हवेत, पण कूलरच्या दमट झोतापासून दूर ठेवावी. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असतो, तोही यूपीएसवरच लावावा. नाहीतर लाइट गेल्यावर डेस्कटॉप चालू राहतो आणि कॉपी सुरू असतानाच डिस्क बंद पडते.